पोटमाळ्यावर चढून बघा

(कोल्हापूर शहर आणि करवीर तालुक्यात जनगणनेच्या कामावर जाणाऱ्या शिक्षकांना खुले पत्र)

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच. महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून आता घरी बसले आहे. १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन जनगणनांना प्रगणक म्हणून मी गल्ल्या तुडवल्या. पहिल्या खेपेला बरोबर गेरूचा डबा आणि कुंचला होता. दारावर आकडा काढताना ओघळ आला की घरमालकीण हातातलं टाकून बाहेर यायची, "काय बाई, आत्ताच दिवाळीला रंग दिलाय की!" तुमच्या हातात मोबाइल असेल, गेरूनं बोटं लाल होणार नाहीत. २०२१ ची जनगणना कोरोनात गेली ती गेलीच. आता घरयादीचा टप्पा २०२६ मध्ये आणि माणसं मोजायचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये. २८ फेब्रुवारी संपून १ मार्च लागतो त्या घटकेला कोण कुठं होतं, याचा हा हिशेब. (१ मार्च ही तारीख कोल्हापूरला तशी जुनी ओळखीची. १९४९ साली याच दिवशी आपलं संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं.)

ऑर्डर हातात पडली की शिक्षकांच्या खोलीत काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे. मतदार यादीचं काम आपण करायचं, निवडणूक आपण करायची, पोषण आहाराचा तांदूळ आपण मोजायचा, आणि आता माणसंही आपणच मोजायची. वर्गावर कोण जाणार? मानधन कधी मिळणार ते विचारायचंच नाही. ही तक्रार खरी आहे, ती मीही केलेली आहे, आणि चांगल्या मोठ्या आवाजात केलेली आहे. पण आज ती बाजूला ठेवून लिहिते, कारण या कामात माझ्या हातून एक चूक झाली होती आणि ती तुमच्या हातून होऊ नये असं वाटतं. त्या चुकीकडं येतेच. आधी आपलं गाव कुठं आलंय ते बघू.

कोल्हापुरात कुठल्याही चहाच्या गाडीवर हद्दवाढीचा, म्हणजे आसपासची गावं महापालिकेत घ्यायचा, विषय निघाला की आकडे फेकले जातात. सगळे आकडे २०११ चे. शहराची लोकसंख्या १९९१ ला सुमारे ४ लाख ६ हजार होती, २००१ ला ४ लाख ९३ हजार झाली, २०११ ला ५ लाख ४९ हजार. नुसती बेरीज बघितली तर शहर वाढलंय. वेग बघा. पहिल्या दहा वर्षांत शेकडा एकवीस, पुढच्या दहा वर्षांत शेकडा अकरा. निम्म्यावर आला. मग कोल्हापूर वाढायचं थांबलं का? कळंब्याच्या रस्त्यानं संध्याकाळी सहा वाजता दुचाकी चालवून दाखवा, आणि मग सांगा.

शहर वाढलं, पण ते वेशीच्या बाहेर वाढलं. १९७२ साली नगरपालिकेची महापालिका झाली, क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर. त्यानंतर अर्धशतक उलटलं तरी हद्द जागची हलली नाही. माणसं मात्र हलली. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडी, सरनोबतवाडी, शिंगणापूर, वडणगे, शिये. आता तिथं गाव कुठं संपतं आणि शहर कुठं सुरू होतं ते फक्त बोर्डावरून कळतं. गंमत अशी की २०११ च्या कागदात 'कोल्हापूर नागरी समूह' म्हणून जो आकडा आहे तो ५ लाख ६१ हजारांच्या आसपास. म्हणजे महापालिकेच्या आकड्यापेक्षा जेमतेम बारा-साडेबारा हजारांनी जास्त! वेशीबाहेरचं आख्खं कोल्हापूर त्या कागदाच्या लेखी अजून खेड्यातच आहे.

२०१७ साली हद्दवाढीच्या ऐवजी ४२ गावांचं नियोजन बघणारं प्राधिकरण आलं. त्यानं काय साधलं यावर मी इथं बोलत नाही, कागद पुरणार नाही. मला विचाराल तर हद्द तीस वर्षांपूर्वीच वाढायला हवी होती. पण गावकरी म्हणतात की घरफाळा (घरपट्टी) वाढेल आणि महापालिकेला आहे त्या पेठांतली गटारं उरकत नाहीत, तेव्हा त्यांना खोटं कुठल्या तोंडानं म्हणायचं? दोन्ही बाजूंच्या कृती समित्यांनी पंधरा वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर भांडायचं थांबवावं, इतकंच माझं मागणं. आणि नवा आकडा कोण आणणार? तुम्ही.

आता घरांच्या आत चला.

मंगळवार पेठेत माझ्या गटात, म्हणजे मला मोजायला दिलेल्या भागात, एक वाडा होता. सोपा, माजघर, मागं परडं, परड्यात लिंबाचं झाड. १९९१ ला मी तिथं गेले तेव्हा सतरा माणसं आणि तीन चुली. तीन भाऊ, एकच उंबरा. कुटुंब एक धरायचं की तीन? नियम सांगतो, ज्यांचा स्वयंपाक एकत्र ते एक कुटुंब. मी तीन लिहिली, तर थोरल्या भावाचा चेहरा उतरला. "बाई, आमी एकच हाय, चुली तेवढ्या येगळ्या झाल्यात." हे ऐकत मी फॉर्म भरला. २००१ ला त्याच घरात नऊ जण. धाकट्यानं वाटणीचे पैसे घेऊन पाचगावात तीन गुंठे घेतले होते, मधल्यानं फुलेवाडीला. २०११ ला तीन माणसं, तिन्ही साठीच्या पुढची.

त्या २०११ च्या खेपेला थोरल्याची बायको, आता सगळ्यांची आजी, मला सोप्यात बसवून म्हणाली, "दोन्ही पोरांची नावं लिवा की. एक पुण्यात हाय, एक बेंगलोरला."

मी सांगितलं, "आजी, ते तिकडं राहतात, तिकडंच मोजले जातील."

"सणाला येत्यात की हितं. मी काय खोटं सांगतो व्हय?" (आमच्याकडं बायकाही 'सांगतो, जातो, येतो' म्हणतात. पुण्याच्या लोकांना याचं हसू येतं. येऊ दे.)

"सणाचं चालत नाही आजी. गणतीच्या दिवसांत जो जिथं असेल, तिथंच त्याला लिहायचं."

आजी गप्प बसली. मग म्हणाली, "तितं त्यास्नी कोण वळखतंय?"

मी नावं लिहिली नाहीत. आजीनं चहा दिला नाही. आज त्या वाड्यात ती एकटी आहे. चार खोल्यांना कुलूप, एका खोलीत पलंग, गॅस आणि देव. पेठापेठांत अशी घरं आहेत. शिवाजी पेठेत, शुक्रवार पेठेत, उत्तरेश्वरला. तालमीसमोर फुटबॉलच्या मॅचच्या दिवशी आजही गर्दी असते, घोषणा असतात, म्हणून पेठ भरलेली वाटते. त्यातली अर्धी पोरं उपनगरातून गाडीवर आलेली असतात. पेठेचा अभिमान पेठेत राहिला आणि मुक्काम कळंब्याला गेला.

मला हे सगळ्यात आधी कळलं ते हजेरीपत्रकावरून. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या शाळेत पहिलीच्या दोन तुकड्या होत्या आणि पावसाळ्यात मुलं मांडीला मांडी लावून बसायची. निवृत्त झाले तेव्हा दोन इयत्ता एका खोलीत एका बाईंपुढं. काही मुलं खासगी शाळांच्या व्हॅनमधून गेली, हे खरंच. पण मुलंच कमी झाली हेही तितकंच खरं. महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागं सरासरी मुलं, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ वर आलाय, पिढी आहे तेवढी राहायला २.१ लागतो. आकडेशास्त्रातलं मला एवढंच कळतं की आईबाप दोन आणि त्यांच्यामागं दोनही मुलं नाहीत.

आणि जी मुलं पटावर उरली त्यांची नावं बदलली. पूर्वी पाटील, जाधव, कांबळे, बागवान, मुल्ला, माळी. शेवटच्या पाच-सात वर्षांत यादव आले, साहू आले, एक थापा आली. बांधकामावरचे विजापूरकडचे बाप, फौंड्रीतले (लोखंड ओतायच्या कारखान्यातले) बिहारचे बाप, अपार्टमेंटचा नेपाळी वॉचमन. थापाची पोरगी दुसरीत होती. मधल्या सुट्टीत कोणी तिचा डबा ओढला तर म्हणायची, "नाद करू नको हां." तिची मातृभाषा तुम्ही कुठल्या रकान्यात लिहाल ते तुम्हीच ठरवा. खरं म्हणजे ती जे सांगेल तेच लिहायचं असतं, पण तो मुद्दा पुढं येतोय.

'बाहेरचे' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली ती व्यापारी यावेत म्हणूनच. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जातीजातींची वसतिगृहं निघत गेली, ती कोणासाठी? खेड्यापाड्यांतून शिकायला येणाऱ्या, म्हणजे त्या काळच्या बाहेरच्याच पोरांसाठी. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहून गेले, बायका आणि मुलंच जास्त. ते गेले आणि फाळणीनंतर त्याच जागी सिंधी कुटुंबं आली, ते आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला आख्खा जिल्हा तिकडं जातो. परकं कोण आणि आपलं कोण, हे कोल्हापुरात दर पन्नास वर्षांनी नव्यानं ठरतं.

आता माझी चूक.

२०११ ला मला उद्यमनगराच्या मागच्या बाजूचा गट मिळाला होता. घरं थोडी, शेड जास्त. एका छोट्या फौंड्रीच्या दारात मी ९ ते २८ फेब्रुवारीच्या दरम्यान दोनदा गेले. दोन्ही वेळा गेटवरच उत्तर मिळालं, "हितं कोन ऱ्हात न्हाई बाई, सगळे लोकल, सांजचं घरला जात्यात." वॉचमनचं कुटुंब लिहिलं, चार माणसं, आणि पुढं गेले. भट्टी चालू होती, आत काळी माती उडत होती, कोण आत जाणार?

मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत फेरतपासणीची फेरी असते, तुम्हाला प्रशिक्षणात सांगतील. सुटलेलं माणूस, मधल्या काळात जन्मलेलं बाळ, गेलेलं माणूस, हे सगळं दुरुस्त करायची ती शेवटची संधी. त्या फेरीत मी ४ तारखेला सकाळी लवकर गेले. गेट उघडं होतं, वॉचमन दुधाला गेला होता. आत साच्यांचे कोअर (आतले गाभे) करायच्या खोलीवर लाकडी फळ्यांचा पोटमाळा. खाली नळापाशी धुऊन उपड्या घातलेल्या जर्मनच्या ताटल्या. मी मोजल्या. अकरा. दोरीवर पंचे, शिडीच्या पायथ्याशी चपला. वरून एक पोरगा डोकावला, वीस-एकवीसचा असेल, मला बघून मागं सरला. विचारल्यावर एवढंच म्हणाला, "ओडिशा." किती महिने झाले विचारलं, तर दोन बोटं दाखवून म्हणाला, "दो साल."

माझा गोषवारा तयार होता. बेरजा झाल्या होत्या, पर्यवेक्षकांनी संध्याकाळी मागितला होता. अकरा माणसांसाठी नवीन कुटुंब उघडायचं, एकूण एकोणतीस प्रश्न, भाषा येत नाही, मालकाला बोलवायचं, पुन्हा सगळ्या बेरजा. मी मनाला म्हटलं, साडेपाच लाखांत अकरानं काय होतंय. आणि घरी आले.

कोणी पकडलं नाही. कोणी पकडणार नव्हतंच. पण मे २०२० मध्ये इथून श्रमिक रेल्वे सुटल्या आणि टीव्हीवर स्टेशनबाहेरची रांग दाखवली तेव्हा शेजारीण म्हणाली, "बाई गं, एवढी माणसं होती आपल्या गावात?" मला ताटल्या आठवल्या. माझ्या गटातले अकरा. शेजारच्या गटातल्या बाईंनीही कदाचित अकरा, शिरोलीतल्या, गोकुळ शिरगावातल्या, कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या गुरुजींनीही कदाचित अकरा-अकरा सोडले असतील. आपण न लिहिलेल्या माणसांना रेशन कुठून देणार होता? अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, आणि किती जणांना धान्य द्यायचं याचा हिशेब अजूनही २०११ च्याच लोकसंख्येवर बेतलेला आहे.

म्हणून सांगते, फौंड्रीत दुपारी जाऊ नका. सकाळी सातच्या आत जा किंवा रात्री आठनंतर, आणि गेटवरच्या उत्तरावर विश्वास ठेवू नका. 'ऱ्हात न्हाई' म्हणणाऱ्यालाही कारण असतं. कामगार राहतात म्हटलं की सोय दाखवावी लागेल, अशी त्याला भीती असते. त्याच्याशी भांडू नका, ताटल्या मोजा.

असंच एक कुटुंब फेब्रुवारीत तुमच्या गटात असेल आणि मेमध्ये नसेल. बीडकडून आलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या. हंगाम ऐन भरात असतो. कसबा बावड्याचा कारखाना तर शहराच्या हद्दीतच आहे. त्यांच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या) उसाच्या फडाकडेला किंवा माळावर पडलेल्या असतात. पहाटे चारला माणसं फडात जातात, कोपीत लहान पोरगी तिच्याहून लहान भावाला घेऊन बसलेली असते. ती तुम्हाला काही सांगणार नाही. संध्याकाळी भाकरी थापायच्या वेळेला जा. गणतीचे सगळे दिवस ते इथंच असतील तर ते इथंच लिहायचे, बीडला नव्हे, हे गटविकास कार्यालयातल्या कोणी वेगळं सांगितलं तरी लक्षात ठेवा.

राजारामपुरीच्या गल्ल्या आणि विद्यापीठ परिसरातली 'कॉट बेसिस'वाली घरं हा आणखी एक प्रकार. घरमालक सांगतो, "आम्ही चौघं." वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेची बारा पोरं, एका खोलीत चार कॉट, डबा बाहेरून. घरफाळा वाढेल म्हणून तो पोरं लपवतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांचे पक्षकार आणि वकील इथं यायला लागले. त्यांच्या भाड्याच्या खोल्या, त्यांचे कारकून, झेरॉक्सवाले, चहावाले हे सगळं या गणतीत पहिल्यांदाच दिसेल, दिसलं तर.

चिखली-आंबेवाडीच्या गटातल्यांना वेगळी डोकेदुखी. पुरामुळं तिथल्या लोकांना सोनतळीला जागा दिल्या आहेत. बऱ्याच घरांचा एक पाय गावात, एक सोनतळीला. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा तेच. त्यानंतर वर राहणारे वाढले, पण जनावरं आणि शेत खाली, म्हणून म्हातारा खाली झोपतो आणि सून-नातवंडं वर. फेब्रुवारीत नदी शांत असते, तेव्हा सगळे 'आम्ही गावातच' म्हणतील. एकच माणूस दोन्हीकडं मोजलं जाईल किंवा दोन्हीकडून सुटेल. दोन्ही गटांच्या प्रगणकांनी एकदा एकत्र बसून याद्या ताडून बघितल्या तर अर्ध्या दिवसात काम होईल.

पण सगळ्यात जास्त माणसं सुटतात ती उपनगरातल्या भाडेकरूंची, आणि तिथं कोणी लपवत नाही, माणूस स्वतःच नको म्हणतो. राधानगरी, भुदरगड, गगनबावडा, शाहूवाडी इथून पोरांच्या शाळेसाठी खाली उतरलेली कुटुंबं. नवरा एमआयडीसीत किंवा फौजेत, बायको दोन पोरं घेऊन मोरेवाडीला वन रूम किचनमध्ये. रेशनकार्ड गावाकडं, मतदान गावाकडं, सात-बारा गावाकडं. मतदानाच्या दिवशी एसटीनं गावी जाऊन येतात. ग्रामपंचायतीच्या घरफाळ्याच्या रजिस्टरला फक्त मालकाचं नाव. ती बाई दहा वर्षं जिथं पाणी भरते, जिथं तिची पोरं शाळेत जातात, तिथल्या एकाही कागदावर ती नाही. जनगणना हा एकच कागद असा आहे जो 'तुझं गाव कुठलं' असं न विचारता 'तू राहतेस कुठं' असं विचारतो.

ती म्हणेल, "इथं नको लिहू मॅडम, गावचं रेशन बंद होईल." तिला नीट समजावा. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमानं या नोंदी कोणाला बघता येत नाहीत, कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाहीत, रेशनच्या याद्यांशी त्यांचा संबंध नाही. हे कलम पाठ करून जा. या वेळी प्रत्येकाची जात विचारायची आहे, १९३१ नंतर पहिल्यांदाच, त्यामुळं दारादारांत शंका असणार आणि गल्लीतला एखादा कार्यकर्ता तुमच्याबरोबर फिरायला उत्सुक असणार. त्याला चहा पाजून परत पाठवा. सांगेल ते लिहा, सुचवू नका.

थेट पाईपलाईनचं काळम्मावाडी धरणाचं पाणी २०२३ च्या दिवाळीत शहरात आलं. ते कोणाला किती पुरणार, उपनगरांना कधी मिळणार, यावरची भांडणं अजून संपायची आहेत. मोरेवाडीची ती बाई कागदावर नसेल तर तिचा हंडा त्या भांडणात धरलाच जाणार नाही.

एक गोष्ट लिहू की नको असं वाटत होतं, लिहितेच. आपल्या जिल्ह्यात २००१ ला सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं मुली होत्या फक्त ८३९. नंतर लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी मशीनला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' (प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारी यंत्रं) बसवले, त्याचं देशभर नाव झालं, आणि २०११ ला आकडा थोडा वर सरकला. पण २००१ ला ज्या पाळण्यात नव्हत्या त्या मुली आज असत्या तर पंचवीस ते बत्तीस वर्षांच्या असत्या. तुम्ही करवीरच्या गावांत जाल तेव्हा घराघरात तिशी ओलांडलेला पोरगा आणि पुढं 'अविवाहित' असं लिहाल. शेत आहे, ट्रॅक्टर आहे, बुलेट आहे, बायको मिळत नाही. आई सांगताना खाली बघेल. यातल्या काही घरांत कर्नाटकातून सून आणलेली असेल. मातृभाषा विचारलीत की सासू आतून ओरडेल, "मराठीच लिवा!" सुनेकडं बघून पुन्हा विचारा. कन्नड म्हणाली तर कन्नड लिहा. तिच्या हक्काचा एवढा एक रकाना तरी तिचा असू दे.

जनगणनेच्या चार्ज अधिकाऱ्यांनाही (आपापल्या भागातलं काम बघणाऱ्या साहेबांनाही) याच पत्रात दोन शब्द, तुमच्यामार्फत. उपनगरांतले गट जुन्या घरयादीवर पाडू नका. माझी एक मैत्रीण २०११ ला पाचगावात होती. गट कागदावर दीडशे घरांचा, प्रत्यक्षात नवीन कॉलन्या धरून त्याच्या दुपटीला आला. नजरी नकाशात जिथं ऊस दाखवला होता तिथं तीनमजली अपार्टमेंट उभी होती. ती बिचारी रात्री दहापर्यंत फिरायची. अशा गटात माणसं सुटली तर तो दोष प्रगणकाचा नसतो. आणि मोबाइलवर स्वतःची माहिती स्वतः भरायची सोय चांगली आहे, पण पेठेतल्या एकट्या म्हाताऱ्यांना 'ऑनलाइन भरा' सांगून पुढं जाऊ नका. त्यांना माहिती भरायची नसतेच, कोणीतरी येऊन बसावं एवढंच हवं असतं. दहा मिनिटं जास्त जातील. जाऊ देत.

मी मंगळवार पेठेतच राहते. माझ्या गल्लीत जो कोणी येईल त्यानं जिना चढून वर यावं, बेल बिघडलेली आहे, कडी वाजवावी. घरात एक माणूस, वय चौसष्ट, निवृत्त. मुलगा हैदराबादला असतो, गणपतीत येतो. तुम्ही विचारलंत की मी त्याचं नाव सांगेन, आणि लिहा म्हणून आग्रहही करीन बहुतेक, इतक्या वर्षांचे नियम तोंडपाठ असून. लिहू नका. चहा मात्र घेऊन जा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर